ओलावा

१५ जानेवारी २००६, रविवार

तिळगुळाच्या निमित्ताने मोहवणीला जाऊन आलो. बरेच दिवस मनात घोळत होतं ते एकदाचं बोलून टाकलं. ह्यांनी गाडीतच बजावलं होतं, "आधी वाल्मीकशी मी बोलतो." पण ह्यांचं बोलणं म्हणजे टोमॅटोचा भाव, आणि मग तिथेच ओट्यावर डुलकी. जेवणं झाली तशी मीच विषय काढला.

मोहवणीची जमीन दोघा भावांची. कसतात धाकटे, वाल्मीकभाऊजी. आम्ही नोकऱ्यांमुळे नाशिकला इंदिरानगरात घर केलं ते केलंच. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रूपालीही लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हापासून घरात जीव आंबून गेला आहे. खरं सांगायचं तर कोणीतरी पुन्हा "मॅडम" म्हणावं, असं वाटतं. इथे लिहायला काय हरकत आहे?

कुंभमेळ्याच्या वर्षी बँकेतल्या मैत्रिणी त्र्यंबकेश्वराहून परतताना मळ्यात आल्या होत्या. नागलीची भाकरी, ठेचा, सारवलेली जमीन. वेड्या झाल्या होत्या नुसत्या. तेव्हापासून डोक्यात आहे. चार खोल्या बांधायच्या, मातीच्या. शहरातली माणसं येऊन राहतील. सिमेंट नाही, प्लॅस्टिक नाही, एकही झाड तोडायचं नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मातीच्या घरात ऱ्हायला लोकं नाशिकहून येत्याल? आमी तर औंदा स्लॅब टाकायचं बघतोय."

स्लॅबचं मनातून काढा, म्हटलं. तुमचं घर आहे तसंच दिसायला हवं, तीच तर गंमत आहे. मग म्हणाले, "दादाची आन् तुमची मर्जी."

माझी जाऊ, चतुरा, भांडी आवरता आवरता दारात थांबली होती. "बाई, पाव्हन्यांसाठी संडास बांधावा लागंल ना?"

"म्हणजे काय? त्याशिवाय कोण येईल?"

"मंग आपल्यालाबी व्हईल. सायलीच्या लग्नात लय वंगाळ वाटलं, तिच्या सासरच्या बायांना नाल्याकडं धाडताना."

होईल की, म्हटलं. तिचा चेहरा असा फुलला! माणूस किती लहान गोष्टीत खूश होतो.

५ मार्च, रविवार

खोल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. आराखडा ज्ञानेशने केला आहे, माझ्या मैत्रिणीचा मुलगा, आर्किटेक्ट. अशाच कामांचं शिक्षण घेऊन आला आहे, त्यामुळे उत्साह फार. त्याने संडास बिनपाण्याचे काढले आहेत. वापर झाला की वरून ओंजळभर राख टाकायची, खालच्या कप्प्यात खत तयार होतं. पाणी लागत नाही, घाण मुरत नाही. खोल्या वर टेकाडावर, त्याखाली विहीर, आणि संडास विहिरीच्याही खाली, पार नाल्याच्या अंगाला.

विहीर एकच आहे. आमच्या मळ्याला आणि बाजूच्या वस्तीवरच्या पाच-सहा घरांना तीच. सगळ्या बाया पाणी तिथूनच नेतात. पाहुण्यांना ते दृश्य आवडेल.

नाव ठरलं: ओलावा. ज्ञानेशने फाटकावर पाटी रंगवून घेतली. खाली लहान अक्षरांत "निसर्गाशी नातं जपणारं घर". मी पाटीखाली उभी राहून फोटो काढून घेतला आणि रूपालीला पाठवला.

१६ एप्रिल, रविवार

भिशीच्या आठजणींना चाचणी म्हणून नेलं होतं. जेवण, खोल्या, चांदणं, सगळ्यावर खूश. आणि मग संडासाचा विषय निघाला. "विमल, सगळं छान गं, पण ती राख?" "आणि एवढं उतरून जायचं? नाल्याकडे?" एकीने तर नाकाला पदर लावून दाखवला आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर खूप वेळ न्हाणीघरात बसून होते.

ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "मग फ्लशचा बांध." इतकं सोपं असतं पुरुषांना. पाटीवर काय लिहिलंय त्याचं काय?

१९ एप्रिल, बुधवार

ज्ञानेशला बोलावून घेतलं. खोल्यांना लागून दोन फ्लशचे संडास हवेत, म्हटलं. तो ऐकायलाच तयार नाही.

"काकू, त्याला वरच शोषखड्डा घ्यावा लागेल. आणि वर म्हणजे विहिरीच्या डोक्यावर. खाली सगळा भेगांचा खडक आहे. पावसात जे मुरेल ते सरळ विहिरीत उतरेल."

"गावोगाव खड्डे आहेतच की रे."

"असतील. इथे नको. लोक पितात ते पाणी."

माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला मुलगा, आणि मला "नको" म्हणतो. पोरगा हुशार आहे, पण पुस्तकी. त्याचे आभार मानले, चिवडा बांधून दिला आणि निरोप दिला. इथून पुढचं आपलं आपण करू.

२ मे, मंगळवार

खड्डा झाला. मजूर लावायलाच लागले नाहीत, भाऊजींनी स्वतः खणला. चार दिवस उन्हात घाम गाळत होते. खाली खडक लागला तेव्हा पहार घेऊन तोही फोडला. बाजू अशा सरळ, की गवंडीसुद्धा वाखाणत होता. काठावर उभं राहून म्हणाले, "वहिनी, शंभर वर्सं बगायला नको."

वरून फरशी टाकून माती पसरली, मातीत झेंडू लावला. आता कळतसुद्धा नाही तिथे काही आहे म्हणून. नाल्याकडचे राखेचे संडास कुलूप लावून तसेच ठेवले आहेत. फोटोत छान येतात.

२८ मे, रविवार

उद्घाटन झालं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत अर्धं पान आलं: मी, चूल, कंदील आणि नाल्याकडचे ते दोन संडास. "पर्यटनाचा नवा, हिरवा मार्ग." कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

एक किरकोळ गोष्ट. पाहुणे गेल्यावर चतुरा वरचे संडास घासत होती. बाहेर आली, हात पुसले आणि हळूच म्हणाली, "बाई, कोनी नसलं म्हंजी मी जाऊ का हितं? ह्या अडचनीच्या दिसांत लय तरास व्हतो बघा, बांधाला जायाला."

मी कुलूप का लावते ते तिला नीट समजावून सांगितलं. आज तू जाशील, उद्या वस्तीवरच्या बाया विचारतील. पाहुणे स्वच्छतेसाठीच येतात. तुमचा वेगळा बांधून देईन, दिवाळीनंतर. ती "बरं" म्हणाली. ऐकून घेणारी आहे, हे तिचं चांगलं आहे. किल्ली मी नाशिकला घेऊन येते.

२ जुलै, रविवार

सायली माहेरी आली. चतुराची एकुलती एक, मागच्या वर्षीच दिली दिंडोरीकडे. सातवा लागला आहे, पहिलं बाळंतपण म्हणून आईने आणली. मला बघून पाया पडायला वाकली तर वाकताच येईना. हसत सुटली. "मोठ्याई, तुमीच वाका आता माझ्यासाठी." फार गोड हसते. मी साडी नेली होती, डोहाळजेवण इथेच ओलाव्यात करू म्हटलं, झुल्यावर बसवून. पाहुण्यांनाही आपल्या चालीरीती बघायला मिळतील.

ती पाहुण्यांशी छान बोलते, तिला खोल्या दाखवायच्या कामाला लावावं का? बघू.

९ जुलै, रविवार

मुंबईचं एक कुटुंब होतं. गृहस्थ डॉक्टर, पोटाच्या विकारांचे. दोन दिवस पावसात भिजले, धबधबा बघून आले, खूश होते. आज निघताना ते एकटेच विहिरीपाशी उभे दिसले. हातात पेला. वास घेत होते.

"मॅडम, वर खोल्यांच्या संडासाचा खड्डा कुठे आहे?"

मी झेंडूकडे हात केला. त्यांनी खड्डा पाहिला, विहीर पाहिली आणि पेला ओतून दिला.

"हे पाणी कोणी पिऊ नका. कोणीच. तपासून घ्या, तोवर उकळून प्या. आणि तो खड्डा आधी बंद करा."

"तपासलंय आम्ही," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. ते म्हणाले, "पुन्हा तपासा."

दिवसभर काही सुचलं नाही. ज्ञानेशने आधीच कोणाजवळ बोलून ठेवलं होतं की काय, असंसुद्धा मनात आलं. पण त्याची नि या डॉक्टरांची ओळख कुठली? ह्यांना काही बोलले नाही. रक्तदाब आहे.

१२ जुलै, बुधवार

शांतपणे विचार केला. श्रावण तोंडावर आहे, सोमवारचे सगळे त्र्यंबकचे पाहुणे घेऊन ठेवले आहेत. आत्ता खड्डा बंद करायचा म्हणजे पाहुण्यांना राखेकडे पाठवायचं. ते शक्य नाही. दिवाळीनंतर बघू.

पाहुण्यांसाठी नाशिकहून पाण्याचे जार सुरू केले. ते मात्र तातडीने केलं, त्यात हयगय नाही.

चतुराने विचारलं, "बाई, हे कशाला?"

"शहरातल्या माणसांची पोटं नाजूक असतात गं."

ती हसली. "आपलं पानी तर नारळावानी ग्वाड हाय."

तिला सांगावं का, हे दोनदा मनात आलं. पण तिला सांगितलं की वस्तीला कळणार, वस्तीला कळलं की गावाला. त्या एका डॉक्टरच्या शंकेपायी केलेलं सगळं धुळीला मिळेल. आणि ही माणसं पिढ्यान् पिढ्या हेच पाणी पीत आली आहेत. त्यांना काय होणार आहे?

३१ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. चारही खोल्या भरलेल्या, वर जेवायला येऊन जाणारे वेगळे. चतुरा पहाटेपासून चुलीपाशी, सायली पीठ मळून देत होती. एका बाईंनी चतुराचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अन्नपूर्णा आहात तुम्ही." चतुरा लाजून आत पळाली. मला फार बरं वाटलं. हिला असं कधी कोणी म्हटलं असतं का?

६ ऑगस्ट, रविवार

आज चतुराचं थोडं खटकलं.

दुपारी पाहुणे झोपले होते. मी जारचा हिशेब बघत होते तर ती येऊन उभी राहिली. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

"बाई, येक जार द्याल का? सायलीला."

"का गं?"

"पानी जातच नाय तिला. म्हनती वास मारतो. परवापून दोन-तीनदा वकली. पावसाचं गढूळ आलं आसंल. जारचं दिलं कालच्याला पाव्हन्यांच्या पेल्यातलं उरल्यालं, तर गटागटा पेली."

मला ते आवडलं नाही, पाहुण्यांचं उरलेलं. पण ते बोलले नाही. म्हटलं, "अगं, या दिवसांत सगळ्याचाच वास येतो. मला रूपालीच्या वेळी फोडणीचा यायचा. आणि बाळाला गावच्याच पाण्याची सवय हवी ना? विहिरीचं पाणी चांगलं आहे. उगाच फाजील सवय लावू नकोस."

"येकच द्या. माज्या कामात धरा."

"एकदा दिला की रोज लागेल, चतुरा."

ती मग "बरं" म्हणाली आणि गेली.

द्यायला हरकत नव्हती, एक जार म्हणजे काय मोठं. पण दिला असता तर तिच्या मनात आलं असतं, बाई सायलीला विहिरीचं का पाजू देत नाहीत? मग प्रश्नांतून प्रश्न. उकळून दे, असं तरी सांगायला हवं होतं का? तेही तेच झालं असतं.

१४ ऑगस्ट, सोमवार

तिसरा सोमवार. ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांची ही गर्दी. उभं राहायला जागा नाही.

भाऊजी आजारी दिसतात. डोळे पिवळे झाले आहेत. वस्तीवरचे सहादू आणि त्यांची सूनही पडून आहेत म्हणे. काविळीची साथ असावी, पावसाळ्यात असतेच. भाऊजींना म्हटलं, बरे होईपर्यंत पाहुण्यांसमोर येऊ नका, विश्रांती घ्या. ते गोठ्यात जाऊन पडले.

२३ ऑगस्ट, बुधवार

चतुराचा गिरणाऱ्याच्या फोन बूथवरून फोन. सायलीचे डोळे पिवळे, अंग पिवळं, काल रात्रीपासून काहीबाही बरळते आहे. "बाई, गाडी धाडा."

गाडी नेमकी नाशिकरोडला, स्टेशनवर दिल्लीचे पाहुणे घ्यायला गेली होती. त्यांना पर्यटन मंचाने पाठवलं आहे, मी अर्ज केलेल्या पुरस्काराच्या निवडीसाठी. अध्येमध्ये कशी वळवणार? जीपने निघ, म्हटलं, मी दवाखान्यात येते. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यात त्यांचा फार वेळ गेला असं नंतर कळलं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

सायली शुद्धीवर नाही. बाळ पोटातच गेलं, काल.

तरुण डॉक्टरीणबाई होत्या. चतुराला विचारत होत्या, पाणी कुठलं पिता, विहीर उघडी आहे का, जवळ संडास आहे का. चतुरा नुसती बघत राहिली, तिला प्रश्नच पोचत नव्हते. म्हणून मीच पुढे झाले. म्हटलं, विहीर आहे, चांगली बांधीव आहे, संडास खूप लांब खाली नाल्याकडे आहेत. त्यांनी लिहून घेतलं.

पोरीला होऊन गेलं होतं जे व्हायचं ते. आता पाण्याचं सांगून ती उठून बसणार होती का?

चतुराने माझा हात धरला होता. सोडतच नव्हती. माझ्या बांगड्या रुतल्या.

२८ ऑगस्ट, सोमवार

सायली गेली. काल गणपती बसले, आज ती गेली.

दिंडोरीचे लोक आले होते. तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. भाऊजींना अजून ताठ बसता येत नाही, त्यांना दोघांनी धरून आणलं.

मी तीनदा भोवळ येऊन पडायच्या बेतात होते. किती लाडाने तिच्यासाठी झुला सजवायचं ठरवलं होतं.

९ सप्टेंबर, शनिवार

आरोग्य खात्याची माणसं मोहवणीला आली. वस्तीवर बरेच आजारी आहेत. विहिरीत औषधाची पावडर टाकली, पाणी महिनाभर पिऊ नका म्हणून सांगितलं. वस्तीवरच्या बाया आता लांबच्या झऱ्यावरून पाणी आणतात.

साहेबांनी विचारलं, संडास कुठे आहेत? मी त्यांना नाल्याकडचे राखेचे दाखवले. कात्रणही दाखवलं. वर पाहुण्यांसाठी काय, असं विचारलं तेव्हा म्हटलं, नुसत्या मोऱ्या आहेत. खोल्यांना कुलुपंच होती. साहेब म्हणाले, "उत्तम काम आहे मॅडम, सगळ्या गावांनी असं केलं पाहिजे." चहा घेऊन गेले.

भाऊजी आणि चतुरा तिथेच गोठ्याच्या दाराशी उभे होते. भाऊजींची मान खाली होती. चतुरा मात्र माझ्याकडे बघत होती. रडणं थांबलं आहे तिचं, तेवढंच बरं.

१ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या सुट्टीचे फोन सुरू झाले. चतुराला कामाला बोलवावं की नाही, या विचारात होते. मोठ्या मनाने गेले आणि म्हटलं, घरात बसून तेच ते आठवत राहतं, चार माणसांत आलीस तर बरं वाटेल.

ती म्हणाली, "येते."

कामाने माणूस दुःखातून वर येतो, हे मी बँकेत असताना पाहिलं आहे.

फक्त एक विचारलं तिने, भाकरी थापता थापता. "बाई, साहेबाला वरचे संडास का नाय दावले?"

"अगं, त्यांना उगाच कागदपत्रं लागली असती."

"हां," म्हणाली.

१५ ऑक्टोबर, रविवार

चतुरा नीट काम करते आहे. पूर्वीपेक्षा नीटच. पण बोलत नाही. आणि एक नवी सवय: पाहुण्यांना जारमधून पाणी देताना मी काय करते, ते बघत राहते. मी स्वतः कोणतं पिते, तेही. आज मी गाडीतली बाटली काढली तर तिची नजर बाटलीवर. दुःखाने माणूस जरा चमत्कारिक होतो. पाहुण्यांच्या लक्षात येऊ नये म्हणजे झालं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

आजचं लिहू नये असं वाटलं होतं. तरी लिहिते.

रूपाली दिवाळीला आली आहे. सायलीच्या वेळी तिला येता आलं नव्हतं, म्हणून म्हणाली, काकूला भेटायचंच. आम्ही तिघं मोहवणीला गेलो. रूपाली आणि सायली लहानपणी सुट्टीत एकत्र असायच्या. चतुराला बघताच रूपालीने तिला मिठी मारली आणि दोघी खूप वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला कोणी बोलावलं नाही.

मग ओट्यावर बसलो. ह्यांच्या शेजारी भाऊजी. चतुरा ताटात तांब्या आणि पेले घेऊन बाहेर आली. आधी रूपालीला दिला. मग माझ्यापाशी वाकली, पेला माझ्यासमोर ठेवला आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "जार सरल्यात बाई. आज समद्यांना हिरीचंच दिलंय."

रूपालीने पेला ओठाला लावला होता.

मी कशी उठले ते मला माहीत नाही. माझा हात तिच्या पेल्यावर बसला. पाणी तिच्या ड्रेसवर, पेला ओट्यावरून गडगडत अंगणात. रूपाली किंचाळली, "आई!" हे उठून उभे राहिले.

"प्यायलीस का? एक घोट तरी गेला का? थुंक, आधी थुंक!" मी तिचा जबडा धरला होता म्हणे. मला आठवत नाही.

चतुरा अंगणात उतरली. पेला उचलला, पदराने पुसला आणि परत वर आली. तिचा आवाज जराही चढला नव्हता.

"काय झालं बाई? पान्यात काय हाय?"

"माशी," मी म्हटलं. "माशी दिसली मला."

"माशी."

"हो."

"जारचंच पानी हाय ते," चतुरा म्हणाली. "आत दोन जार भरल्याले हायेत. बघून या."

 मग तीच म्हणाली, माझ्याकडे नाही, भाऊजींकडे बघून. "म्या म्हनलं नव्हतं का तुमाला? ह्यांना ठावं व्हतं. पोरगी पेली तवाबी ठावं व्हतं."

"चतुरा, तू भलतंच..."

"म्या येक जार मागितला व्हता, बाई."

भाऊजींनी तोंड झाकून घेतलं. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो जनावराचा असतो. "म्या खनला," एवढंच म्हणत होते, पुन्हा पुन्हा. "म्या खनला तो."

चतुराने पेल्यात पुन्हा पाणी ओतलं आणि रूपालीच्या हातात दिलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पी बाय. चांगलं हाय हे. दचकलीस."

रूपालीने पेला हातात धरला. प्यायली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

हे गाडीत जाऊन बसले. खोल्यांतले पाहुणे आवाज ऐकून बाहेर आले होते, त्यांना काय सांगायचं तेही मलाच बघावं लागलं.

२९ ऑक्टोबर, रविवार

भाऊजींनी आणि वस्तीवरच्या लोकांनी वरचे संडास घणाने फोडले. खड्डा दगडमातीने बुजवला. पाटीही काढून टाकली असं कळलं. फाटकाला आता त्यांचं कुलूप आहे. काल मी गेले तर सहादू फाटकाआड उभे होते, म्हणाले, "बाई, माघारी जावा. वाल्मीक घरात नाय, आन् त्याच्या बायकूला तुमच्याशी बोलायचं नाय." सहादूंची सूनही मागच्या आठवड्यात गेली. मला कोणी कळवलं नाही.

ह्यांनी जमिनीतला आपला हिस्सा वाल्मीकच्या नावे करून द्यायचं ठरवलं आहे. मला विचारलं नाही, सांगितलं. आता ते बाहेरच्या खोलीत झोपतात. मी त्यांना म्हटलं, मी मुद्दाम केलं असं वाटतं का तुम्हाला? मी काही विष कालवलं का विहिरीत? ते वर्तमानपत्र वाचत होते, वाचत राहिले.

मंचाकडून फोन होता. पुरस्काराच्या यादीत आपलं नाव पहिल्या तिनांत आहे, छायाचित्रं पाठवा म्हणाले. नाल्याकडच्या संडासांची माझ्याकडे आहेत, ती उद्या पाठवते.

रूपाली भाऊबीजेलाही थांबली नाही, त्याच संध्याकाळी पुण्याला निघून गेली. फोन घेत नाही. जावई उचलतात आणि ती झोपली आहे म्हणतात, दुपारी बारालाही. तिला इतकं रागवायला काय झालं, हे मला खरंच कळत नाही. मी तर तिच्यासाठी धावले. विचार करायलासुद्धा थांबले नाही, हात आपोआप गेला. कुठल्याही आईचा गेला असता.